कोणत्या गावाला पटाची तारीख?

सोयाबीन घरात आले आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की पश्चिम विदर्भातल्या पारावरच्या गप्पांना एक नेहमीचा विषय मिळतो. यंदा पट कुठे कुठे भरणार? पट म्हणजे शंकरपट. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपायची, धुरकऱ्याने कासरे हाती घ्यायचे आणि झेंडी पडताच जोडी सरळ पट्टीवरून सोडायची. पुष्कळ ठिकाणी जोड्या एकेक करून धावतात आणि निकाल घड्याळ देते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर विदर्भभर नावाजलेला आहे.

पारावर वाद लगेच रंगतो. एक म्हणतो, "आमच्या गावची पट्टी सगळ्यांत वेगवान. आमच्याकडे पळाली तशी जोडी कुठेच पळत नाही." दुसरा म्हणतो, "पळणारच! तुमची पट्टी उताराची आहे." तिसरा म्हणतो, "उताराचं सोडा, पण तिथं बैल थांबवायला जागा कुठे आहे?" चौथ्याचे म्हणणे असते, की बक्षीस मोठे असेल तिथेच जोड्या जातील, बाकी सगळे फुकट. हिवाळ्यातले दिवस मोजके, चांगल्या जोड्या मोजक्या, शिवाय बैलांना दोन पटांच्या मध्ये विसावा हवा. मग तारीख मिळण्यास लायक गाव कोणते?

गंमत अशी, की नेमका हाच वाद मोटारींच्या शर्यतींचे शौकीन जगभर घालत असतात. स्पोर्ट्स कारच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत अलीकडच्या वर्षांत साधारण आठ शर्यती होतात. तारखा आठ आणि दावेदार मार्ग कितीतरी. कुणाला फ्रान्समधला ले मान्सचा १९२३ पासूनचा इतिहास मोठा वाटतो, कुणाला अमेरिकेतील सेब्रिंगची खडबडीत पट्टी आवडते. बैल आणि मोटार यांत साम्य फारसे नाही. पण पट्टीची पारख करण्याचे नियम दोन्हीकडे एकच आहेत, कारण ते गतिशास्त्राचे नियम आहेत. नववी-दहावीच्या पुस्तकातले विज्ञान या वादात किती पुढे नेते, ते आपण पाहू.

वेगवान पट्टी म्हणजे काय?

समजा, १०० मीटर लांबीच्या पट्टीवर एका जोडीला १० सेकंद लागले. सरासरी वेग झाला सेकंदाला १० मीटर, म्हणजेच ताशी ३६ किलोमीटर. दुसऱ्या गावात त्याच जोडीला ९.७ सेकंद लागले. दुसरी पट्टी वेगवान, असे म्हणावे का? त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: लांबी खरोखर तेवढीच होती का, उतार किती होता आणि वेळ कशी मोजली?

लांबीचा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवरील कंबळा या रेड्यांच्या शर्यतीत श्रीनिवास गौडा यांनी १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत पार केले. कुणीतरी त्रैराशिक मांडून १०० मीटरला ९.५५ सेकंद असे उत्तर काढले आणि बर्लिनमध्ये २००९ साली ९.५८ सेकंदांत धावलेल्या उसेन बोल्टशी तुलना सुरू झाली. गौडा यांची कामगिरी मोठीच होती, चूक होती ती त्रैराशिकात. धावणारा शून्यापासून वेग घेतो, त्यामुळे सुरुवातीचे मीटर सर्वांत सावकाश जातात. अंतर वाढले की तो तोटा जास्त मीटरांत वाटला जातो आणि सरासरी वेग वाढतो. शिवाय रेड्यांच्या जोडीची ओढ, चिखलपाण्याची वाट आणि एकट्या माणसाचे कोरड्या पट्टीवरचे धावणे या वेगवेगळ्या गोष्टी. तात्पर्य, दोन पट्ट्यांची लांबी वेगळी असेल तर नुसत्या भागाकाराने त्यांची तुलना करता येत नाही.

आता उतार. १०० मीटरमध्ये जमीन १ मीटरने उतरत असेल, तर डोळ्याला ती जवळजवळ सपाटच वाटते. पण हिशेब करू. १ किलोग्रॅम वस्तुमान १ मीटर खाली आले, की सुमारे ९.८ ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. तेच वस्तुमान सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ५० ज्यूल असते. म्हणजे न दिसणाऱ्या या उताराने देऊ केलेली ऊर्जा धावेच्या गतिज ऊर्जेच्या जवळजवळ एक पंचमांश भरते. ती सगळीच वेगात उतरत नाही, काही भाग घर्षणात आणि पायांच्या हालचालीत जातो. तरी सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस ठरणार असेल, तर हा उतार निकाल फिरवू शकतो. मैदानी खेळांत धावण्याचा विक्रम मान्य होण्यासाठी पट्टीचा उतार हजारास एक, म्हणजे १०० मीटरला १० सेंटिमीटर, यापेक्षा जास्त चालत नाही.

उतार मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. दहा-दहा मीटरवर खुंट्या ठोकून ही पातळी पुढे नेत गेले, की पूर्ण पट्टीची चढउतार कागदावर मांडता येते. तेवढ्याने पारावरचा निम्मा वाद मिटेल.

घड्याळ शंभरावा भाग दाखवते, हात दाखवत नाही

हातातले इलेक्ट्रॉनिक घड्याळ ९.७३ सेकंद असा आकडा दाखवते, म्हणून आपण तो खरा मानतो. पण घड्याळाची कळ दाबणारा माणूस असतो. डोळ्याने पाहिले, मेंदूने ओळखले आणि बोट हलले, या साखळीला वेळ लागतो. वर्गात हा वेळ मोजता येईल. एका विद्यार्थ्याने पट्टी उभी धरून अचानक सोडावी आणि दुसऱ्याने ती बोटांच्या चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरून सापडली, तर मुक्त पतनाच्या सूत्राने वेळ येतो सुमारे ०.२ सेकंद. सेकंदाला १० मीटर वेगाची जोडी तेवढ्यात २ मीटर पुढे गेलेली असते!

सुरुवातीला झेंडी पाहून कळ उशिरा दाबली जाते. शेवटी मात्र जोडी येताना दिसत असल्याने माणूस अंदाजाने वेळेवर, कधी आधीच, कळ दाबतो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो, नोंदलेली वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. म्हणूनच हाताने घेतलेल्या १०० मीटरच्या वेळेची तुलना विद्युत यंत्रणेच्या वेळेशी करताना मैदानी खेळांत तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. आणि १९७७ पासून कमी पल्ल्याच्या धावांचे जागतिक विक्रम फक्त स्वयंचलित यंत्रणेच्या वेळेवर मानले जातात. तीन माणसांच्या घड्याळांची सरासरी घेतली तर कमी-जास्त होणाऱ्या चुका एकमेकींना छेदतात. पण सगळ्यांची चूक एकाच बाजूची असेल तर सरासरीही तेवढीच चुकीची राहते.

आणखी एक सापळा आहे. झेंडीऐवजी शिट्टी वाजवली आणि घड्याळवाला १०० मीटरवर शेवटच्या रेषेशी उभा असला, तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायलाच सुमारे ०.३ सेकंद लागतात. प्रकाशाला मात्र तेवढ्या अंतरासाठी लागणारा वेळ नगण्य. म्हणून दुरून कान नव्हे, डोळा वापरावा. सर्वांत बरे म्हणजे दोन्ही रेषांवर प्रकाशाचा किरण ठेवून तो तुटताच घड्याळ सुरू आणि बंद होणारी यंत्रणा. तिथेही दोन्ही किरणांची उंची सारखी हवी. नाहीतर सुरुवातीला किरण बैलाच्या नाकाने तुटेल आणि शेवटी खुराने.

थोडक्यात, "आमच्याकडे कमी वेळ लागतो" हे पट्टीचे नव्हे, मोजणीचे वैशिष्ट्य असू शकते.

काळी माती आणि शंभरावी जोडी

वाशीम जिल्ह्याच्या मोठ्या भागात बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी माती आहे. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. त्यामुळे ओल्या काळ्या रानात पाय रुततो, तर सुकलेल्या रानात भेगा पडतात. खूर भेगेत अडकला, तर वेगात असलेल्या बैलाचा पाय मोडू शकतो. तूर किंवा कपाशी काढल्यावर राहिलेले टोकदार खुंट हा आणखी एक धोका. म्हणून जाणती माणसे पट्टीसाठी निवडलेले रान आधीच वखरून घेतात, धसकटे आणि दगड वेचतात, हलके पाणी शिंपडून माती दाबून घेतात. मातीत ओल किती हवी? मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये आणि बोटाने दाबताच फुटावा, ही साधी परीक्षा शाळेतही करून पाहता येते.

पण पट्टी सकाळी जशी असते तशी दुपारी राहत नाही. सर्व जोड्या एकाच वेळी धावत असत्या, तर पट्टीची खोड सर्वांना सारखीच भोवली असती. एकेक जोडी घड्याळावर धावते तेव्हा पहिलीला दबलेली, दवाने किंचित ओली माती मिळते आणि शंभरावीला खुरांनी उकरलेली, भुसभुशीत, धुळीची. भुसभुशीत मातीत खूर मागे सरकतो आणि छकड्याचे चाकही रुतते, म्हणजे तीच ताकद लावून वेग कमी मिळतो. मोटारींच्या शर्यतीत बहुधा उलटे घडते. कोरड्या डांबरावर टायरचे रबर चिकटत जाते, पकड वाढते आणि मार्ग हळूहळू वेगवान होतो. दोन्हीकडे उपाय एकच. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि पट्टी दिवसभर शक्य तितकी सारखी ठेवावी. ठराविक जोड्यांनंतर पट्टी सपाट करणारे गाव आणि न करणारे गाव यांत कोणाला तारीख द्यावी, हे सांगायला नको.

इथे शौकिनांच्या एका आवडत्या मुद्द्याचा विचार करू. सेब्रिंगची शर्यतीची वाट दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर तयार झाली. १९५२ पासून तिथे १२ तासांची शर्यत होते. काँक्रीटच्या सांध्यांवर गाड्या हादरून निघतात, तरी शौकिनांना ती पट्टी प्रिय आहे, कारण जी गाडी तिथे टिकते ती खरी. म्हणजे पट्टी कठीण असणे हा दोष नाही. मात्र कठीण आणि धोकादायक यांत फरक आहे. अडचण सर्वांना सारखी आणि आधी माहीत असेल, तर ती कौशल्याची परीक्षा ठरते. ती नशिबाने एखाद्यालाच गाठत असेल आणि हातपाय मोडत असेल, तर ती नुसती हयगय.

रेषेच्या पलीकडे

पट पाहायला जाणाऱ्यांचे लक्ष शेवटच्या रेषेवर असते. पट्टीची खरी पारख रेषेच्या पलीकडे होते. बैल रेषेशी थांबत नाहीत, धुरकरी कासरे ओढत त्यांना हळूहळू आवरतो. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दर सेकंदाला वेग १ मीटर प्रतिसेकंद एवढा कमी होतो असे धरले, तर सेकंदाला १० मीटर वेगाच्या जोडीला ५० मीटर लागतील आणि १२ मीटर वेगाच्या जोडीला ७२ मीटर. वेग एक पंचमांशाने वाढला, पण जागा जवळजवळ दीडपट लागली. ज्या गावाला आपली पट्टी वेगवान असल्याचा अभिमान आहे, त्याच गावाला थांबण्याची जागा सर्वांत जास्त लागते.

बाजूच्या गर्दीचाही हिशेब आहे. जोडी सरळ रेषेपासून फक्त ५ अंशांनी वळली, तर १०० मीटर पुढे जाईपर्यंत ती जवळजवळ ९ मीटर बाजूला गेलेली असते. म्हणून दोराच्या दोन समांतर रांगा पुरेशा नाहीत, शेवटाकडे प्रेक्षक अधिक मागे हवेत. प्रत्यक्षात गर्दी नेमकी तिथेच पुढे सरकते.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. ११ जून १९५५ रोजी ले मान्सच्या शर्यतीत एक मर्सिडीज मोटार दुसरीवर आदळून उडाली आणि तिचे भाग प्रेक्षकांत घुसले. चालकासह ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर स्वित्झर्लंडने अशा शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशके टिकली. ले मान्सनेही धडा घेतला, पण एका दिवसात नव्हे. तिथल्या जवळजवळ ६ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर १९८८ साली एका गाडीने ताशी ४०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता. १९९० साली त्या रस्त्यावर मुद्दाम दोन वळणे घालून वेग मोडण्यात आला. इतिहास थोर म्हणून नियम ढिले, असे तिथे चालले नाही.

तारीख म्हणजे ऋतूसुद्धा

आतापर्यंत आपण जागेचा विचार केला. पण तारीख या शब्दात काळही आहे. स्नायूंत मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा साधारण पाव भागच हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. बैलाच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सियस असते. हवा थंड असली तर जास्तीची उष्णता कातडीतून सहज बाहेर जाते. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ आले, की घाम आणि धाप यांतून होणारे बाष्पीभवन एवढाच मार्ग उरतो. खांद्यावर वशिंड असलेली आपली देशी जनावरे युरोपीय जनावरांपेक्षा उष्णता चांगली सोसतात, पण त्यालाही मर्यादा आहे. वाशीमकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणजे रान मोकळे झाल्यापासून ऊन तापेपर्यंतचे काही आठवडे हीच पटाची खरी वेळ, तीही सकाळची. चैत्रातली भर दुपार मागणाऱ्या गावाची पट्टी कितीही चांगली असो, ती तारीख चांगली नाही. पाणी, सावली आणि पशुवैद्यक यांची सोयही तारखेचाच भाग समजावी.

जागा आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग ५.१२५ किलोमीटर लांबीचा, जागतिक दर्जाचा. तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि नंतर थांबली. मार्ग खचला नव्हता. करांचा वाद आणि पैशांची गणिते आड आली. पट्टी उत्तम असली तरी ती चालवणारी व्यवस्था नसेल, तर तारीख टिकत नाही.

आधी चाळणी, मग तराजू

शंकरपटाच्या बाबतीत व्यवस्थेचा प्रश्न आणखी गंभीर आहे, कारण धावणाऱ्याला इथे स्वतःची संमती देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो दुरुस्त कायदा वैध ठरवला. आज पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही. खडकाळ, चिखलाची, तीव्र उताराची जागा किंवा रस्ता चालत नाही. चाबूक, पराणी किंवा विजेचा धक्का चालत नाही. वर केलेले हिशेब आठवले, तर यातल्या बहुतेक अटींमागचे विज्ञान ध्यानात येईल. बैलांना धावायला लावावे की नाही, हा प्रश्न विज्ञान एकटे सोडवू शकत नाही. पण धावायचे ठरले, तर कोणत्या पट्टीवर त्यांना इजा होण्याचा संभव अधिक, हे मात्र ते सांगू शकते.

शेवटी पारावरच्या वादाकडे वळू. समजा, दोन गावांना पाच बाबींत दहापैकी गुण दिले: मोजणी, माती, उतार, सोयी आणि थांबण्याची जागा. पहिल्या गावाला चार बाबींत ९ आणि थांबण्याच्या जागेत २, एकूण ३८. दुसऱ्याला प्रत्येक बाबीत ७, एकूण ३५. बेरजेने पहिले गाव जिंकते. पण तिथे रेषेपुढे थोड्याच अंतरावर विहीर असेल, तर? मोजणीतले नऊ गुण विहीर बुजवत नाहीत. चूक बेरजेत नाही, सगळ्या गोष्टी एकाच बेरजेत घालण्यात आहे. काही गोष्टी चाळणीच्या असतात. थांबण्याची जागा, प्रेक्षकांचे अंतर, भेगा आणि खुंट, ऊन आणि पाणी या चाळणीतून जे गाव खाली पडेल ते बाद. जी उरतील त्यांना मग तराजूत घालावे. तिथे परंपरा, बक्षीस, गर्दी, पट्टीचा वेग यांवर हवा तेवढा वाद करावा.

विद्यार्थ्यांना हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. पाण्याच्या नळीने धावण्याच्या पट्टीचा उतार मोजावा. एकच धाव पाच जणांनी पाच घड्याळांनी मोजावी आणि आकड्यांत किती फरक पडतो ते फळ्यावर मांडावे. वेगात धावणाऱ्या मुलाला रेषेपुढे थांबायला किती मीटर लागतात ते पाहावे. मग शाळेच्या क्रीडामहोत्सवासाठी हे मैदान लायक आहे की नाही, याचा निर्णय मुलांनीच द्यावा आणि त्याची कारणे लिहावीत. यातली काही मुले उद्या गावच्या पट समितीवर बसतील. तेव्हा कुणी विचारलेच, की रेषेपुढची एवढी जागा रिकामी कशाला सोडली, तर त्यांच्याजवळ आकड्यांतले उत्तर तयार असेल.